हत्तीच्या सोंडेला जात कळत नाही

राजर्षी शाहू महाराज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? राधानगरीचं धरण, खासबागेतलं कुस्तीचं मैदान, शाहू मिलची चिमणी, ठिकठिकाणची बोर्डिंगं आणि १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा. २६ जूनला दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतात, भाषणं होतात, आणि शाळेपासून पाठ झालेल्या त्याच चार गोष्टी आपण पुन्हा ऐकतो. त्या खऱ्याच आहेत, मोठ्या आहेत, त्याबद्दल वादच नाही. पण मित्रांनो, मला या लेखात महाराजांची जरा वेगळी बाजू सांगायची आहे. ही बाजू दरबारातली नाही. ती पागेतली, हत्तीखान्यातली आणि चित्त्यांच्या पिंजऱ्याजवळची आहे.

आता इंजिनिअरिंगच्या पोराला हत्तीचं काय पडलंय, असं तुम्ही म्हणाल. कारण साधं आहे. सेमिनारसाठी मी 'इलेक्ट्रॉनिक नाक' हा विषय घेतला होता. वास ओळखणारे सेन्सर, त्यांचे सर्किट, त्यांचं सॉफ्टवेअर वगैरे. वाचता वाचता कळलं, की आपल्या सगळ्या सेन्सरांना लाजवेल असं नाक निसर्गाने आधीच बनवून ठेवलंय आणि ते हत्तीच्या सोंडेत आहे. वास ओळखणारी जनुकं माणसात सुमारे ४००, कुत्र्यात सुमारे ८००, आणि आफ्रिकन हत्तीत जवळजवळ २०००! जपानी संशोधकांनी २०१४ साली केलेल्या या मोजणीत हत्ती सगळ्यांच्या पुढे निघाला. मग मी कोल्हापुरात हत्ती शोधू लागलो, आणि कोल्हापुरात हत्ती शोधायला गेलं की वाट शाहू महाराजांपाशीच येते.

महाराजांचं मूळ नाव यशवंतराव. जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात. आई राधाबाई तीन वर्षांच्या लेकराला मागे ठेवून गेल्या. १७ मार्च १८८४ ला राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, वडील आबासाहेबही गेले. म्हणजे बारा वर्षांचं पोर आईबापावेगळं, आणि डोक्यावर एका संस्थानाचा भार. शिकायला घरापासून लांब राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, नंतर धारवाडला फ्रेजरसाहेबांच्या हाताखाली. हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना घरापासून लांब राहणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि २ एप्रिल १८९४ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी कारभार हातात घेतला.

अंगाने महाराज धिप्पाड, पैलवानी बांध्याचे. कुस्तीचा नाद तर सगळ्यांना माहीत आहे. पण जनावरांचा नाद त्याहून कमी नव्हता. घोडे, हत्ती, शिकारी कुत्री, चित्ते असा सगळा गोतावळा. राजवाड्यात चार घोड्यांचा थाटाचा रथ असताना ते गावातून फिरायचे ते 'खडखड्या'तून. खडखडा म्हणजे नवे घोडे गाडीला शिकवायची ओबडधोबड गाडी. ना गादी ना स्प्रिंग, नावाप्रमाणे खडखड वाजणारी. चाबूकस्वाराचं हे काम राजा स्वतः करायचा, आणि वाटेत थांबून शेतकऱ्याशी, भाजीवालीशी, पोराटोरांशी बोलायचा.

घोडा शिकवणं ही ताकदीची गोष्ट नाही, हे ज्याच्या घरी घोडा किंवा खोंड आहे त्याला ठाऊक असतं. नव्या जनावराजवळ गेलं की आधी हात पुढे करायचा आणि त्याला हुंगू द्यायचं. त्याने हुंगलं, फुरफुरलं, कान सैल सोडले की मग मानेवर हात. रोज तोच माणूस वैरण घालतो, तोच खरारा करतो, तेव्हा त्या माणसाचा वास हाच जनावराचा भरवसा होतो. मोतद्दार बदलला की घोडा बिथरतो तो उगाच नाही.

हत्तीचं तर सगळं जगणंच वासावर. सोंडेचं टोक जमिनीला लावून तो ते तोंडात टाळूला टेकवतो. तिथे वासाचं वेगळं इंद्रिय असतं. आपण वर्तमानपत्र वाचतो तसा तो जमीन वाचतो : इथून कोण गेलं, कधी गेलं, मादी होती की नर, आजारी होता की माजावर. घाबरलेल्या हत्तीजवळ दुसरा हत्ती येतो आणि आपली सोंड त्याच्या तोंडात घालतो. थायलंडमध्ये २०१४ साली संशोधकांनी आशियाई हत्तींचं हे धीर देणं नोंदवून ठेवलं. तोंडात सोंड देणं म्हणजे चावला तर चाव, इतका विश्वास!

आणि हत्तीचा माज! नर हत्ती माजावर आला की गंडस्थळाच्या ग्रंथीतून मद पाझरतो, टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढतं आणि एरवी शहाणा असलेला हत्ती माहुताचंही ऐकेनासा होतो. आपल्या जुन्या संस्कृत कवींनी हत्तीच्या मदाभोवती भुंगे घोंगावतात असं वर्णन केलंय. मला वाटायचं, कवीच ते, काहीही लिहितात. पण अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिलं, की पहिल्यांदा माजावर येणाऱ्या तरुण आशियाई हत्तीच्या मदाला खरोखरच मधासारखा गोड वास येतो. वय वाढतं तसा तो वास उग्र होतो. २००५ मध्ये पुढचा शोध लागला. मदात 'फ्रंटालिन' नावाचा रेणू असतो आणि त्याची दोन रूपं असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखी. या दोन रूपांचं प्रमाण हत्तीच्या वयाप्रमाणे बदलतं. ते हुंगून दुसरे हत्ती ठरवतात, याच्या वाट्याला जायचं की लांबून नमस्कार करायचा. केमिस्ट्रीच्या तासाला आयसोमर पाठ करताना झोप येते ना? हत्तीचा जीव त्या आयसोमरवर अवलंबून असतो.

अशा हत्तींचा खेळ म्हणजे साठमारी. आज आपण पेपरात 'सत्तेची साठमारी' वाचतो, पण हा शब्द आला कुठून याचा विचार करत नाही. भक्कम दगडी तटाचं मैदान, त्यात मोकळा सोडलेला हत्ती आणि त्याला डिवचून चुकवणारे साठमार. माणूस शिरेल पण हत्ती शिरणार नाही अशा आडोशाच्या जागा बांधलेल्या. बडोद्याची साठमारी प्रसिद्ध होती, आणि महाराजांच्या काळात कोल्हापुरातही ती रंगायची. साठमारी नावाची जागा आपल्या शहरात आजही आहे. आजच्या नजरेने पाहिलं तर हा खेळ क्रूरच. जनावराला मुद्दाम चिडवून मजा बघणं आज कायद्यातही बसत नाही आणि मनालाही पटत नाही. महाराज मोठे होते म्हणून साठमारी चांगली होती असं मी म्हणणार नाही. ते त्यांच्या काळातल्या राजांसारखेच शिकारी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मैदानातून परत आणलेल्या त्या हत्तीला रात्री शांत करायचं काम कोणाचं? माहुताचं. ते अंकुशाने होत नाही. ओळखीचा आवाज, ओळखीचा हात आणि ओळखीचा वास यांनीच होतं.

चित्त्यांची गोष्टही अशीच. राजकोटच्या शिक्षणात भावनगरचे भावसिंहजी हे महाराजांचे जिवलग मित्र झाले. भावनगर हे चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्यासाठी नावाजलेलं संस्थान. कोल्हापूरनेही हा शौक केला आणि महाराजांनंतरही इथे तो बरीच वर्षं चालला. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर न्यायचं आणि काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची. टोपी असेपर्यंत तो मांजरासारखा गप्प. दिसणं बंद केलं की भीती आणि चेव दोन्ही बंद!

पण चित्ता आधी पकडायचा कसा? सगळ्यात वेगवान जनावर ते. पाठलाग करून कोण धरणार? पारध्यांना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. माळावर ठराविक झाडं असतात, चित्ते पुन्हा पुन्हा तिथेच येतात, बुंध्यावर नखं घासतात आणि मूत्राचा वास सोडून जातात. ते झाड म्हणजे चित्त्यांचा नोटीस बोर्ड. पारधी पाठलाग करायचेच नाहीत. ते झाडाभोवती फास लावून बसायचे. आज नामिबियातले संशोधक चित्त्यांना पकडून गळ्यात रेडिओ कॉलर घालतात, तेही अशाच झाडांपाशी सापळे लावून. अक्षरओळख नसलेल्या पारध्याने जे ओळखलं, त्याला नाव द्यायला विज्ञानाला १९५९ साल उजाडलं. त्या वर्षी कार्लसन आणि ल्युशर यांनी 'फेरोमोन' हा शब्द बनवला. त्याच वर्षी बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून पहिला फेरोमोन वेगळा काढला. आपल्या शेतकऱ्याने त्याला मराठी नावही दिलंय. बोंडअळीसाठी कापसात टांगतात ते 'कामगंध सापळे' म्हणजे हेच. आणि गंमत बघा, आशियाई हत्तीण माजावर आल्यावर जो रेणू सोडते, तोच रेणू शंभराहून जास्त जातींच्या पतंगांच्या माद्या वापरतात. हे १९९६ साली कळलं. एवढा मोठा हत्ती आणि एवढासा पतंग, पण प्रेमपत्राची भाषा एकच!

भारतातल्या चित्त्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९५२ साली ते देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पकडलेला चित्ता पिंजऱ्यात सहसा पिल्लं देत नाही, म्हणून राजेरजवाडे जंगलातून नवे पकडत राहिले, आणि शिकारी व माळरानं मोडणं होतंच. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आणावे लागले. वासाची भाषा कळणं ही ताकद आहे, पण ती कशासाठी वापरायची हा प्रश्न उरतोच.

ती चांगल्या कामाला लागते तेव्हा काय होतं, हेही जवळच बघायला मिळतं. भुदरगडमधलं पाटगाव 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. मधमाशी डंख मारते तेव्हा धोक्याचा एक गंध सोडते. त्याचा मुख्य घटक आपल्या पिकल्या केळ्याच्या वासाचा. तो वास आला की बाकीच्या माश्या तुटून पडतात. मधपाळ धूर करतो त्यामुळे माश्यांना हा गंध नीट कळत नाही, आणि त्या शांत राहतात. उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी २००५ साली बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात लॅव्हेंडर आणि कॅमोमाइल फुलांचा वास सोडून पाहिला. कुत्री कमी भुंकली, जास्त विसावली. पुदिन्याच्या वासाने उलटा परिणाम झाला. मांजर गाल घासून जो गंध लावतं, त्याची नक्कल करून बनवलेले फवारे परदेशात नव्वदच्या दशकापासून मिळतात. त्यांचा उपयोग कधी दिसतो, कधी नाही, म्हणजे ती जादू नव्हे.

आणि आपल्या जिल्ह्याला भिडणारी गोष्ट. चंदगड, आजरा भागात कर्नाटकातून रानहत्ती येतात, ऊस आणि भात तुडवतात. फटाके, मशाली, आरडाओरडा यांनी हत्ती आणखी बिथरतो आणि माणूसही मरतो. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी मधमाश्यांच्या धोक्याच्या गंधाची नक्कल केली, ती मोज्यांना लावली आणि ते मोजे पाणवठ्याजवळ टांगले. २०१८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बहुतेक हत्ती थबकले, सोंड उचलून वास घेतला आणि काही गोंधळ न घालता मागे फिरले. (आमच्या हॉस्टेलच्या मोज्यांनी कुठलंही रसायन न लावता अख्खी विंग रिकामी होते, ते वेगळं!) २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत हत्तींच्या वाटेवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचा प्रयोग सुरू झाला. कोल्हापूरकरांचं हत्तीवर प्रेम किती, हे २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. तेवढंच प्रेम आजऱ्याच्या शेतकऱ्याला आणि तिथल्या रानहत्तीला दोघांनाही मिळायला हवं. हे काम आपल्या ब्रँचच्या कोणाच्या तरी प्रोजेक्टचा विषय व्हायला काय हरकत आहे?

आता माणसाकडे येऊ. गॅदरिंग जवळ आलं की आमच्या विंगमध्ये सेंटच्या बाटल्या फिरायला लागतात. एक मित्र तर 'फेरोमोनवाला' सेंट मागवून बसला. लावला की मुली आपोआप बोलायला येतात म्हणे! मी सेमिनारसाठी केलेलं सगळं वाचन त्याला ऐकवलं. माणसाचा असा एकही फेरोमोन आजवर खात्रीने सिद्ध झालेला नाही. ज्या दोन रेणूंच्या नावावर हा बाजार चालतो, त्यांची २०१७ साली पुन्हा नीट चाचणी झाली, आणि काहीही परिणाम दिसला नाही. आईच्या अंगाच्या वासाने तान्हं बाळ शांत होतं, ही गोष्ट मात्र खरी. ते कुठल्या बाटलीतून येत नाही, रोज कुशीत घेण्यातून येतं. भावाने ऐकून घेतलं आणि तरी सेंट लावलाच. बोलायला कोण आलं असेल तर ते मच्छर!

म्हणजे वासाचा माणसावर परिणाम नाही का? आहे, आणि इथेच गोष्ट गंभीर होते. केनियातल्या अंबोसेलीत २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विसरता येत नाही. तिथे मसाई जमातीचे तरुण हत्तीवर भाले फेकतात, आणि कांबा जमातीचे लोक शेती करतात, ते सहसा हत्तीच्या वाट्याला जात नाहीत. संशोधकांनी दोघांनी अंगावर घातलेलं कापड हत्तींपुढे ठेवलं. माणूस नव्हताच, फक्त कापड. मसाईच्या कापडाचा वास येताच हत्ती जास्त वेगाने आणि जास्त लांब पळाले आणि उंच गवतात शिरेपर्यंत थांबले नाहीत. हत्ती माणसामाणसांत फरक करतो तो असा. आपल्याला कोणी भाला मारला आणि कोणी नाही, या अनुभवावरून. त्याला कोणी जन्मावरून शिकवलेलं नसतं.

आणि माणूस? शाहू महाराजांच्या काळच्या कोल्हापुरात माणूस माणसाचा विटाळ मानत होता. त्यात वास नव्हता, घाण नव्हती, अनुभव नव्हता. होता तो फक्त जन्म. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी काय झालं ते प्रसिद्ध आहे. राजा नदीत स्नान करतोय आणि मंत्र म्हणणारा भटजी स्वतः आंघोळ न करताच आलेला! राजा शूद्र, त्याला पुराणोक्त मंत्र चालतात आणि त्यासाठी आंघोळीची गरज नाही, असा त्याचा हिशोब. शुद्ध-अशुद्ध यांचा आंघोळीशी काडीचा संबंध नाही, हे त्या दिवशी नदीच्या पाण्यात उभं राहून महाराजांना कळलं असेल. वेदोक्ताचं प्रकरण तिथून पेटलं.

महाराजांनी मग जी पावलं उचलली, त्यातलं एक मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते हत्तीखान्यातलं आहे. त्यांनी अस्पृश्य मानलेल्या माणसांना माहूत आणि कोचमन म्हणून नेमलं. विचार करा. राजाच्या स्वारीचा हत्ती, आणि त्याच्या मानेवर बसलेला माहूत, ज्याची सावली गावात नको होती. हत्तीने त्याला हुंगलं, रोजचा वास ओळखला आणि त्याचं ऐकलं. हत्तीच्या सोंडेला जात कळत नाही. ती कळायची फक्त रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांना, आणि त्यांनाही त्या हत्तीपुढे बाजूला व्हावं लागायचं.

पागेतलीच दुसरी गोष्ट गंगाराम कांबळे यांची. ते राजवाड्याच्या पागेत कामाला होते. घोड्यांना त्यांचा हात चालत होता, पण मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला तो लागला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा गावी नव्हते. परतल्यावर गंगारामांनी सोनतळीला जाऊन त्यांच्यापुढे पाठ उघडी केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, नाव 'सत्यसुधारक'. रस्त्याचं नाव भावनगरच्या त्याच मित्राच्या नावावरून, बरं का. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी हुकूम काढला नाही. आपली गाडी त्या हॉटेलापुढे थांबवली, गंगारामांकडून चहा मागवला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजला. पुढे ते तिथे येतच राहिले.

मला यात तो चाबूकस्वार दिसतो. बिथरलेल्या घोड्याला मारून भागत नाही, त्याला सवय लावावी लागते. रोज तोच हात, तोच वास, काही वाईट घडत नाही असा अनुभव, पुन्हा पुन्हा. समाजही बिथरलेलाच होता. एका कपाने जात मेली नाही, पण चहा पिऊन कोणी मेलं नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि कायदा लागतो तिथे महाराजांनी कायदाही वापरला. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने आणि सरकारी जागांत भेदभाव करायचा नाही असे हुकूम निघाले. चित्त्याचं झाड ओळखणाऱ्या पारध्यांना सरकार जन्मजात गुन्हेगार मानत होतं. महाराजांनी त्यांना जवळ केलं, कामं दिली. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी त्यांनी १९१८ मध्ये बंद केली.

त्याच १९१८ साली या जनावरांच्या नादाने महाराजांकडून मोठी किंमत घेतली. धाकटे राजपुत्र शिवाजी डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि गेले. ऐन तारुण्यातला मुलगा. मागे कोवळ्या वयाच्या विधवा सूनबाई, इंदुमतीदेवी. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य अंधाऱ्या खोलीत संपायचं. महाराजांनी घरच्यांचा विरोध पत्करून तिला सोनतळीला शिकवलं. दुःखाने कोसळलेला बाप सासरा म्हणून असा उभा राहिला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांना पुढारी म्हणून लोकांपुढे उभं केलं. ६ मे १९२२ ला मुंबईत हृदयविकाराने ते गेले. वय अवघं सत्तेचाळीस. त्यांचं पहिलं स्मारक कोणी उभारलं माहीत आहे? चहावाल्या गंगाराम कांबळे यांनी, नर्सरी बागेत.

शेवटी आपल्याविषयी. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम आणि १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. आपण आज राहतो त्या हॉस्टेलची मुळं तिथे आहेत. तेव्हा एकेका जातीचं बोर्डिंग काढावं लागलं, कारण एका पंगतीत बसायला कोणी तयार नव्हतं. आज आपल्या एका खोलीत तीन जिल्ह्यांची, तीन जातींची पोरं राहतात. एकाच्या घरून सुकट येते, दुसऱ्याच्या घरून साजूक तुपातले लाडू, तिसऱ्याचं खोबरेल तेल डोकं उठवतं. पहिल्या महिन्यात कोणाच्या तरी डब्याच्या वासाला नाक मुरडलं जातं. हसत हसत का होईना, एखादं वाक्य जातं, आणि ज्याला लागायचं त्याला लागतं. तो दुसऱ्या दिवसापासून डबा पांघरुणात लपवून खातो.

डब्याच्या वासाला नाक मुरडणं आणि हौदाला हात लागला म्हणून मारणं, यात अंतर आहे हे मला मान्य. पण वाट एकच आहे, आणि ती पहिल्या पावलालाच अडवता येते. नव्याने आलेल्या ज्युनिअरला पहिल्या आठवड्यात आपल्या ताटात बसवा. त्याच्या डब्यातली सुकट चाखून बघा, नाही आवडली तर नाही म्हणा, पण चाखा. महिनाभरात त्याच वासावरून तुम्ही ओळखाल, की बारा नंबरच्या खोलीत गावाकडचं पार्सल आलंय, आणि ताट घेऊन सगळ्यात आधी तुम्हीच पळाल.